आंधळी बोट

"वारा आला वाटतं," वहिनी म्हणाली. "कुणीतरी दार लावा."

वारा आला नव्हता. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी बाई कामावरून परत आली होती. अंगावर भिजलेला रेनकोट, हातात डब्याची पिशवी. वहिनीने तिच्या आरपार पाहिलं. दादा खुर्चीवरून उठला, तिच्या खांद्याला घासून पुढे गेला, दार लावलं आणि परत येऊन भात खायला लागला. ती नळाचं पाणी प्याली आणि वर गेली. जिना वाजला तेव्हा दादा मला म्हणाला, "लाकडी जिने असेच. माणूस नसलं तरी वाजतात."

मी त्या घरात नुकतीच राहायला आले होते. मला वाटलं, काल-परवाचं भांडण असेल.

घर आयर्लंडमधल्या नावन या गावात. मी डब्लिनमध्ये शिकले, तिथेच ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका ऑफिसात नोकरीला लागले, आणि डब्लिनमधलं भाडं झेपेना म्हणून या गावात आले. रोज सकाळी बस, संध्याकाळी बस. घरात आम्ही चौघं. दादा आणि वहिनी ही नावं मी दिलेली. पन्नाशीच्या माणसांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. दोघं ब्राझीलची. कोपऱ्यातली बाईही तिथलीच, त्यांच्याच गावची. तिघंही मांसाच्या एकाच कारखान्यात. दादा सुरी चालवायचा, हाडापासून मांस सोडवायचा. वहिनी आणि ती बाई एकाच पट्ट्यावर पॅकिंग करायच्या, समोरासमोर. शिफ्टचे सगळे तास एकमेकींच्या तोंडाकडे बघत, आणि एक शब्द नाही.

दादा माणूस म्हणून वाईट होता असं मला लिहिता येत नाही, आणि तेच मला छळतं. त्याने माझ्या खोलीची खिडकी दुरुस्त करून दिली. मला ताप आला तेव्हा माशाचं सूप खोलीत आणून दिलं, मी माशाला हात लावत नाही हे कळल्यावर ते परत नेऊन कोबीचं केलं. रविवारी तो बॉइन नदीच्या काठाने फिरायला जायचा आणि मला बरोबर न्यायचा. चालताना थुंकायचा आणि म्हणायचा, "ही नदी? आमच्याकडे याला गटार म्हणतात."

त्यांच्या गावाची माहिती मला त्या फिरण्यात मिळाली. थोडं इंग्रजी, थोडं पोर्तुगीज, बाकी हातवारे.

गाव ब्राझीलच्या आतल्या भागात, एका मोठ्या नदीवर. रस्ता नाही, चौक नाही. काठाकाठाने खांबांवर उभी केलेली घरं, एका घरची हाक दुसऱ्या घरी पोचेल न पोचेल इतकी लांब लांब. प्रत्येक घरासमोर पाण्यात गेलेल्या फळ्यांचा धक्का आणि धक्क्यावर एक काठी. बोट हवी असेल तर काठीला पांढरं फडकं बांधायचं. बोटवाला ते बघतो आणि थांबतो. आजारी माणूस असो, केळ्यांचा घड असो, नवरी असो. फडकं दिसलं की थांबायचं, असा नियम. गावात मोठी मोटारबोट एकच. ती दादाच्या थोरल्या भावाची. बाकीच्यांकडे वल्ह्याच्या होड्या. खालच्या खळाळत्या उतारातून त्या जात नाहीत. आणि दवाखाना त्या उताराच्या खाली, दिवसभराच्या वाटेवर.

"गाव वसवलं कुणी?" मी विचारलं होतं.

"माझ्या आजोबांनी. त्यांना रबराचा चीक काढायला बोटीत घालून आणलं होतं. मग रबराचा भाव पडला आणि मालक एक दिवस बोट घेऊन निघून गेला. ही मूठभर माणसं काठावर उभी राहून बघत राहिली."

"आणि बायका? त्याही बोटीतून आल्या?"

दादा झपझप पुढे चालू लागला. घरी आल्यावर वहिनीने सांगितलं, कांदा चिरता चिरता. "बायका जंगलातल्या. माझ्या आजीला कुत्रे लावून धरून आणलं होतं. तिच्या पोटरीवर दातांचे व्रण होते. आम्ही लहान असताना त्यात बोट घालून खेळायचो." ती हसली. "आजोबा म्हणायचे, माझी बायको कुत्र्याने पसंत केली."

मी हसले नाही तेव्हा तिला वाटलं, मला विनोद कळला नाही. तिने तो परत सांगितला.

गावाला नंतर पाद्री मिळाला, वर्षातून एकदा येऊन साठलेल्या सगळ्या पोरांना एकदम बाप्तिस्मा देणारा. शाळा मिळाली. लाकूडतोडे आले, सोनं शोधणारे आले, त्यांनी नदी गढूळ केली, मासे कमी झाले. तरी गाव टिकलं, कारण गावाकडे एक हत्यार होतं. लाकूडतोड्यांना पहिल्यांदा ज्याने जमीन विकली त्याच्या धक्क्यावर बोट थांबायची बंद झाली. फडकं फडफडत राहायचं आणि बोट समोरून निघून जायची. गावात त्याला म्हणायचे, बोट आंधळी झाली. बोट आंधळी झाली की सगळं गाव आंधळं. वर्षभरात तो माणूस बायकापोरांसह होडीतून निघून गेला. पुन्हा कुणी जमीन विकली नाही.

दादा हे अभिमानाने सांगायचा. मलाही अभिमान वाटला. मग एका शनिवारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना कोपऱ्यातली बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि मला गोष्टीची उरलेली बाजू कळली.

"माझ्या आईने सही केली," ती म्हणाली. "पहिली."

धरणाची कंपनी आली होती. साहेब लोक नारिंगी लाईफ जॅकेट घालून धक्क्याधक्क्यावर उतरले. प्रत्येक घराची संमती हवी होती. गावाने ठरवलं, कुणी सही करायची नाही. हिच्या आईला साखरेचा आजार, पायाची जखम भरत नव्हती. कंपनीने सांगितलं, सह्या झाल्या की दर आठवड्याला दवाखान्याची लाँच पाठवू. आईने सही केली. लाँच आली. डॉक्टर उतरले, पट्टी बांधली, फोटो काढले. ते फोटो दाखवून कंपनीने बाकीच्या घरांना गाठलं आणि एकेक करून सगळ्या गावाने सह्या केल्या. शेवटची सही झाल्यावर लाँच बंद झाली.

"सगळ्या गावाने?" मी विचारलं. "म्हणजे दादाच्या घरानेसुद्धा?"

"त्याच्या भावाने तर नवा मोटर पंप मागून घेतला."

"मग तुमच्यावर कसला राग?"

तिने चिमटा तोंडात धरला होता. तो काढून तिने दोरीवर लावला. "पहिली सही आईची."

मी विचारलं, मग तू या घरात राहतेसच का. तिने पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला. मी मूर्खासारखं विचारलं होतं. इथे खोल्यांची इतकी टंचाई की माणसं संसार सोडतात, खोली सोडत नाहीत. शिवाय ही खोली तिला दादानेच मिळवून दिली होती, सहीच्या आधी. कारखान्यात त्याच जिल्ह्यातली माणसं भरलेली. कँटीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं व्हायचं. दुसरं घर शोधायचं तर तेही त्यांच्याच ओळखीतून.

हे मला नवं नव्हतं. माझे बाबा जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी आयुष्यभर पत्रकं काढत आले. आई धरणग्रस्तांच्या संघटनेत. आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. एका गठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं, माणसाला वाळीत टाकणं हा खून आहे. दुसऱ्या गठ्ठ्यावर असायचं, फितुरांना थारा देऊ नका. मी दोन्हींच्या घड्या घालायचे, आणि दोन्ही मला पाठ होती.

आई-बाबांना मी फोनवर हे सगळं सांगितलं तर दोघं स्पीकरवर एकमेकांशीच भांडायला लागले.

"सही करायलाच नको होती," आई म्हणाली. "एक फुटला की सगळे फुटतात. आम्ही भोगलंय."

"अगं, पाय सडतोय बाईचा."

"मी बोट थांबवू नका म्हणतेय का?"

"तुमच्या संघटनेने काय केलं होतं? सही करणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा ठराव कुणाच्या अक्षरात होता?"

"त्यांच्या घरचं प्यायचं नाही, असं होतं ते. त्यांना द्यायचं नाही, असं नव्हतं."

"वा! केवढा फरक!"

"आहेच फरक," आई म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात देऊन निघून गेली.

त्या फरकाला धरून मी काही दिवस काढले. कंपनीविरुद्ध एकजूट हवी, हे मला मान्य होतं, आजही आहे. पण एकजूट मोडून गेली होती. सगळे फुटले होते. आता उरली होती फक्त शिक्षा, आणि ती करणारेही फुटलेलेच.

हिवाळ्यात कोपऱ्यातल्या बाईच्या आईचा पाय काळा पडला. हिची मामेबहीण आईबरोबर राहायची. ती शाळेच्या टेकडीवर चढून फोन करायची, कारण तिथेच सिग्नल. फोन आला की ही जिन्यावर बसून ऐकायची. पाय घोट्यापर्यंत काळा. वास येतो. दवाखान्यात नेलं तर कापतील पण जगेल. नेलं तर.

नेऊ शकत होती एकच बोट. आणि त्या बोटवाल्याला सांगू शकत होता एकच माणूस, जो आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी पाव भाजायचा.

ती त्याच्याशी बोलू शकत नव्हती, कारण त्याला ती ऐकूच येत नव्हती. तिने चिठ्ठी लिहिली नाही, मला मध्ये घातलं नाही. तिने गावची रीत केली. रविवारी सकाळी दादा-वहिनी चर्चला गेले असताना तिने आपल्या उशीचा पांढरा अभ्रा काढला आणि त्यांच्या खोलीच्या दाराला, मुठीला, गाठ मारून बांधला. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

ते दोघं परत आले. दादाने अभ्रा बघितला. मी माझ्या दारात होते. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, हे मी पाहिलं आहे. चुकून झालेली हालचाल होती की काय, मला सांगता येणार नाही. वहिनी मागून म्हणाली, "काय आहे?" त्याने गाठ सोडली. अभ्रा खाली टाकला. त्यावर एक बूट पुसला, मग दुसरा. बाहेर चिखल होता.

"फडकं धक्क्यावर बांधतात," तो वहिनीला म्हणाला. "दारात असतं ते पायपुसणं."

ती दोघं आत गेली. मला वाटलं, बाई रडेल. तिने खाली येऊन अभ्रा उचलला आणि तिचे डोळे चमकत होते. "ऐकलंस?" ती मला कुजबुजली. "धक्क्यावर बांधा म्हणाला."

"तो टोमणा होता गं."

"तो बोलला ना! मी फडकं बांधलं, आणि तो बोलला."

तिने त्याच दिवशी मामेबहिणीला कळवलं. धक्क्यावर फडकं बांधलं गेलं. पहिल्या दिवशी बोट समोरून गेली. दुसऱ्या दिवशी मामेबहिणीने मोठी चादर बांधली. बोट गेली. नंतर आईलाच उचलून धक्क्यावर नेऊन बसवलं, फडफडत्या चादरीखाली, दिसावी म्हणून. बोटवाल्याने इंजिन मंद केलं. सगळ्यांना वाटलं थांबतोय. धक्का फार हलू नये, बाई पाण्यात पडू नये, एवढ्यापुरतं त्याने मंद केलं होतं. पुढे गेल्यावर परत वाढवलं.

इकडे दादा पावाला लोणी लावत वहिनीला म्हणाला, "भावाचा फोन होता. यंदा काठावर बगळे फार झालेत म्हणे. जिकडेतिकडे पांढरंच पांढरं."

वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. बाई फ्रीजसमोर उभी होती. हातात दुधाची बाटली.

मी तेव्हा बोलले. मोठ्याने बोलले. "दादा, तुम्हीही सही केलीत."

"केली," तो शांतपणे म्हणाला. "पण पहिली नाही."

"दुसरी केलीत की दहावी, धरण तेवढंच उंच!"

"तू अजून लहान आहेस."

"माझ्या देशात याला गुन्हा म्हणतात. माणसाला वाळीत टाकणं."

"आणि तुझ्या देशात करत नाही कुणी?"

मी गप्प झाले नाही. माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं: करतात, आणि आम्ही त्यांच्या दारात जाऊन सांगतो की तुम्ही खुनी आहात. एक फोन करा, म्हटलं. फक्त एक. बाईला दवाखान्यात टाका आणि मग हवं तेवढे आंधळे व्हा. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने फोन खिशातून काढला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "मी फोन केला तर भाऊ थांबेल. दुसऱ्या दिवशी गाव भावाच्या बोटीत बसणार नाही. मग आजारी पडलं तर बाकीच्यांना कोण नेणार? बोल. ज्यांनी काही केलं नाही त्यांना?"

"ज्यांनी काही केलं नाही असं तुमच्या गावात आता कोण आहे?"

त्याने फोन परत खिशात घातला. मला वाटलं होतं, मी जिंकले. वादात मी जिंकलेच होते.

बाईची आई त्याच आठवड्यात गेली. फोन आला तेव्हा ही कारखान्यात होती; फोन लॉकरमध्ये. दादा-वहिनीची त्या दिवशी सुटी होती. गावाने तिच्याआधी दादाला कळवलं. ती घरी आली तेव्हा दादा आणि वहिनी काळे कपडे घालून स्वयंपाकघरात उभे होते. दादा पुढे झाला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिचं नाव घेतलं. दोन वर्षांत त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मीच काय ते घ्यायचे, तेही वाकडं. त्याने ते नीट उच्चारलं, आणि तिला कळलं.

मेलेल्यासाठी बोट आंधळी राहत नाही, हाही गावचा नियम. दादाने फोनवर व्हिडिओ लावला. बोट त्या धक्क्यावर थांबलेली. कठड्याला पानं बांधलेली. सगळं गाव आत, रांगेने, डोक्यावरची टोपी काढून. बोटवाला स्वतः उतरतो, चादरीत गुंडाळलेली आई दोन्ही हातांवर घेतो, लहान मुलाला घ्यावं तशी, आणि बोटीच्या मधोमध निजवतो. इंजिन बंद. वल्ह्याने नेतात. बायका गातात.

"किती सुंदर नेलं बघ," वहिनी म्हणाली. ती खरोखर रडत होती.

"हो," बाई म्हणाली.

"सगळे आले होते. एक घर राहिलं नाही."

"हो. दिसले मला सगळे."

"तुम्ही मारलंत तिला," मी म्हणाले.

कुणी वर बघितलं नाही. मी परत म्हणाले. ही बोट आदल्या आठवड्यात का थांबली नाही, तिला मरायची वाट का बघत होतात, पानं कसली बांधता. माझा आवाज चढला होता. बाई उठली, माझा दंड धरून मला बाहेर अंगणात घेऊन आली आणि मागे दार लावलं.

"गप्प बस," ती म्हणाली.

"त्यांनी तुझ्या आईला—"

"मला माहीत आहे कुणी काय केलं. मी तुझ्यापेक्षा मठ्ठ नाही." ती हळू बोलत होती, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आईला खालच्या दफनभूमीत पुरलंय. धरणाचं दार लावलं की तिथे पाणी येणार. सगळ्यांची पुरलेली माणसं उकरून वर न्यायचं ठरलंय. न्यायची कशातून?"

माझा दंड तिने अजून धरलेला होता. तिनेच उत्तर दिलं.

"बोटीतून. बोट कुणाची?"

आतून वहिनीचा रडण्याचा आवाज येत होता.

"त्याला मी आज दिसायला लागलेय," ती म्हणाली. "तुझ्यामुळे परत दिसेनाशी झाले तर माझी आई पाण्याखाली जाईल. आत जा आणि त्याची माफी माग."

"मी? त्याची?"

"दुःखाच्या घरात तू त्याला खुनी म्हणालीस. तू माझी मैत्रीण आहेस, सगळ्यांना माहीत आहे. तू बोललीस म्हणजे मी बोलले."

मी तिला सांगितलं की मी मागणार नाही. मी तिला बरंच काही सांगितलं; अन्यायापुढे मान तुकवली की काय होतं, आज तू, उद्या आणखी कुणी. घरी शिकलेलं सगळं. ते सगळं खरं आहे, आजही माझा त्यातला एक शब्द मागे घ्यायचा विचार नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "झालं? आता जा."

मी आत गेले. ती माझ्या मागे उभी राहिली. दादा टेबलाशी बसला होता, काळ्या शर्टाची वरची गुंडी लावलेली, फोनवर तोच व्हिडिओ परत चालू. मी म्हणाले, "दादा, मी चुकीचं बोलले. माफ करा."

त्याने व्हिडिओ थांबवला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, पुरेसा वेळ.

"ग्रँड," तो म्हणाला, इथली माणसं बसचा दरवाजा उघडून धरल्यावर 'ठीक आहे' अशा अर्थाने म्हणतात तसं, आणि पायाने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.